खुब्याची कड : राजगडाच्या माचीपासून बर्नच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत

१/
राजगडाच्या संजीवनी माचीवर आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. माचीच्या दोन्ही अंगांना खोल दऱ्या आहेत. तरीही बांधणाऱ्यांनी कड्याच्या अगदी काठावर तट उभारला आणि काही भागांत त्याच्या बाहेर दुसरा तट घातला. या दुहेरी बांधणीला आपण चिलखती तटबंदी म्हणतो. निसर्गाने कडा दिलेला असताना त्यावर आणखी एक कड कशासाठी, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर मनात येतोच. आजच्या धाग्याचा विषय अशीच एक कड आहे. ती मात्र गडावर नसून गड चढणाऱ्याच्या शरीरात आहे.

२/
मांडीचे हाड कमरेच्या हाडाला जेथे मिळते, तो सांधा म्हणजे खुबा. मांडीच्या हाडाचा वरचा भाग चेंडूसारखा गोल असतो आणि तो कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. या वाटीच्या काठावर चिवट, लवचीक कूर्चेची एक गोल किनार असते. शरीररचनाशास्त्रात तिला ‘लॅब्रम’ म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘ओठ’ असा आहे. वाटीचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅसिटॅब्युलम’. रोमन लोकांच्या जेवणातील व्हिनेगरच्या लहान वाटीवरून ते आले. आपण या धाग्यात सरळ ‘वाटी’ आणि ‘कड’ असे म्हणू.

३/
या कडेचा इतिहास विलक्षण आहे. शरीररचनाकारांना ती शतकानुशतके ठाऊक होती. तिच्या कार्याचा सर्वांत महत्त्वाचा धागा १८३६ मध्येच एका प्रयोगातून हाती आला होता. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती फाटलेली आढळली की शल्यविशारद तो भाग कापून टाकीत. पुरावा समोर असूनही एखादी गोष्ट ‘निरुपयोगी’ कशी ठरते, आणि पुढे तीच जपण्यासाठी शस्त्रक्रिया कशी उभी राहते, हे आज पाहू. या कथेत भोर-वेल्ह्याच्या मावळाचाही वाटा आहे.

४/
आरंभ आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांची संख्या २१० सांगितली असून त्यांचे आठ प्रकार केले आहेत. त्यांतील एक प्रकार ‘उलूखल’, म्हणजे उखळासारखा सांधा. खांदा आणि खुबा (वंक्षण) यांची गणना त्यात होते. मावळातील घराघरांत भात सडण्यासाठी उखळ असे, त्यामुळे ही उपमा येथील माणसाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. खोलगट पात्रात गोल टोक सर्व दिशांना फिरते, हे त्या काळच्या वैद्याने अचूक टिपले होते. निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकारही याच ग्रंथात वर्णिले आहेत.

५/
प्राचीन ग्रीसमध्येही हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात निखळलेल्या खुब्याचे सविस्तर विवेचन आहे. जन्मतःच खुबा जागेवर नसलेल्या मुलांचा उल्लेखही तेथे येतो. परंतु या प्राचीन विचारांचा भर हाडांवर होता : हाड जागेवर आहे की नाही, आणि नसेल तर ते परत कसे बसवावे. उखळ आणि मुसळ यांची चर्चा पुष्कळ झाली. उखळाच्या काठाकडे लक्ष जायला पुढची अनेक शतके लागली.

६/
खुब्यावर भार तरी किती येतो? १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराजांची पालखी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात रातोरात नेली गेली, तेव्हा तिच्यासोबत हिरडस मावळातील बांदलांची माणसे होती. हिरडस मावळ म्हणजे आजच्या भोरचा परिसर. बाजीप्रभू देशपांडे हे त्याच बांदलांच्या सैन्यातले. आपण त्या रात्रीचे शौर्य आठवतो आणि ते योग्यच आहे. पण खांद्यावर भार घेऊन चिखलातून धावणाऱ्या त्या प्रत्येक माणसाच्या दोन खुब्यांनी काय सोसले असेल, याचा हिशेब आज मांडता येतो.

७/
एका पायावर उभे राहिले की शरीराचे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडते आणि तोल राखण्यासाठी बाहेरच्या बाजूचे स्नायू जोराने ओढ घेतात. तराजूच्या आखूड दांडीला जड वजन लावावे, तसे हे गणित आहे. वजन आणि स्नायूंची ओढ, दोन्ही मिळून सांध्यावर दाब देतात. बर्लिनमधील गेओर्ग बेर्गमान आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यात मापनयंत्रे बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार सरासरी भार असा : सपाटीवर ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने चालताना शरीराच्या वजनाच्या २३८ टक्के, जिना चढताना २५१ टक्के, उतरताना २६० टक्के.

८/
म्हणजे ६० किलो वजनाचा माणूस पायऱ्या उतरतो, तेव्हा एका खुब्यावर सुमारे १५६ किलो वजनाइतका दाब क्षणभर येतो, आणि तो प्रत्येक पावलाला येतो. चढण्यापेक्षा उतरणे सोपे, असे आपण समजतो. दमाच्या बाबतीत ते खरे असेल, खुब्याच्या बाबतीत नाही. पाठीवर सामान असेल तर भार आणखी वाढतो. एवढा दाब घेऊनही हाडावरची गुळगुळीत कूर्चा वर्षानुवर्षे टिकते. ती कशामुळे टिकते, या प्रश्नाच्या उत्तरात आपली कड येते.

९/
आता १८३६ मध्ये जाऊ. त्या वर्षी आपल्याकडे भोर ही सातारच्या छत्रपतींच्या अधिपत्याखालील पंत सचिवांची जहागीर होती, आणि राजगड व तोरणा हे दोन्ही किल्ले तिच्यात मोडत. पुढे भोर संस्थानाच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड अशी किल्ल्यांचीच नावे होती. आज वेल्हे तालुक्याला मिळालेले ‘राजगड’ हे नाव त्यामुळे अगदी नवे नाही. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म आणि एडुआर्ड या वेबर बंधूंनी माणसाच्या चालण्याच्या यांत्रिकीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चुंबकीय प्रवाहाच्या ‘वेबर’ या एककाला ज्याचे नाव दिले आहे, तोच हा विल्हेल्म.

१०/
त्यांचा प्रयोग साधा होता. मृतदेहाचा पाय अधांतरी लोंबकळत ठेवून त्यांनी खुब्याभोवतीचे सर्व स्नायू कापले, मग सांध्याचे वेष्टनही कापले. आता पाय खाली पडायला हवा होता. तो पडला नाही. गोल माथा वाटीला धरूनच राहिला. मग त्यांनी कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूने वाटीच्या तळाला छिद्र पाडले. हवा आत शिरताच पाय सुटला. माथा पुन्हा वाटीत बसवून छिद्रावर बोट दाबले, तर पाय परत लोंबकळत राहिला. याचा अर्थ असा, की खुबा केवळ स्नायूंनी आणि बंधांनी बांधलेला नाही. तो हवाबंदही आहे.

११/
काचेच्या गुळगुळीत पृष्ठावर रबरी चकती दाबून बसवली की ती चिकटून राहते, कारण तिचा मऊ काठ हवा आत येऊ देत नाही. खुब्यात तो मऊ काठ म्हणजे वाटीची कड. ती गोल माथ्याला घट्ट वेढून बसते. त्यामुळे सांध्यातील वंगणासारखा द्रव दाबाखाली सहज बाहेर पळत नाही. आत अडकलेला हा द्रव दाबाचा मोठा भाग स्वतः पेलतो आणि तो सर्वत्र सारखा वाटतो. कूर्चेला कूर्चा थेट घासत नाही. याशिवाय कड वाटीला खोली देते : वाटीचे क्षेत्र तिच्यामुळे पाचव्या हिश्शाहून अधिक वाढते. तिच्यात मज्जातंतूंची टोकेही आहेत; म्हणून ती फाटली की जांघेत वेदना होऊ शकते.

१२/
मग हे ज्ञान शस्त्रक्रियेपर्यंत का पोहोचले नाही? एक मोठे कारण पुराव्याच्या साधनात आहे. १८९५ मध्ये रोंटगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. अस्थिरोगशास्त्राचा कायापालट झाला. पण क्ष-किरणांत हाड दिसते, कूर्चा दिसत नाही. चित्रात खुब्याची वाटी स्पष्ट उमटे आणि तिची कड असायची त्या जागी काहीच दिसत नसे. पुढची अनेक दशके खुब्याच्या दुखण्याचा शोध मुख्यतः अशा चित्रांवरून घेतला गेला, ज्यांत कड नव्हतीच. इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक परिचित वाटेल. दप्तरात ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे मानण्यासारखीच ती आहे.

१३/
असाच प्रकार गुडघ्याच्या बाबतीत घडला होता. गुडघ्यातील दोन गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत ब्रिटिश शल्यविशारद जॉन ब्लँड-सटन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. फाटलेली गादी पूर्ण काढून टाकणे हा पुढे दीर्घकाळ सर्वमान्य उपचार राहिला. १९४८ मध्ये फेअरबँक याने गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत पुढे कोणते बदल होतात ते दाखवले, आणि हळूहळू दिशा बदलली. खुब्याच्या कडेला मात्र आणखी अर्धे शतक थांबावे लागले.

१४/
गुडघ्यात डोकावणे तुलनेने सोपे होते. जपानच्या केन्जी ताकागी याने १९१८ मध्येच मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने मृतदेहाच्या गुडघ्यात पाहिले होते. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन याने मृतदेहांच्या अनेक सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली. खुब्याबाबत त्याचा निष्कर्ष निराशाजनक होता : गोल माथा आणि वाटी यांच्या मध्ये सुई शिरवणे अशक्य. वेबर बंधूंनी दाखवलेली ती हवाबंद पकडही येथे आड येत होती. पुढे पाय ताणून धरण्याची तंत्रे सुधारली, तेव्हाच सांध्यात वाट मिळाली.

१५/
दरम्यान कडेची नोंद अधूनमधून होत होती. १९५७ मध्ये पॅटरसन याने निखळलेला खुबा परत बसवताना फाटलेली कड मध्ये अडकून अडथळा आणते, हे नोंदवले. १९७७ मध्ये अल्टेनबर्ग याने फाटलेली कड हेच खुब्याच्या वेदनेचे कारण असू शकते, असे दोन रुग्णांच्या आधारे मांडले. १९८६ मध्ये जपानमधून दुर्बिणीने फाटलेली कड ओळखल्याची नोंद आली. परंतु उपचार ठरलेला होता : फाटलेला भाग कापून काढावा. जॉन चार्नली याने १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये यशस्वी करून दाखवलेली संपूर्ण खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया तोवर जगभर रुजली होती. तिच्यात तर वाटीच नवी बसते, म्हणून कडेला स्थान नसते.

१६/
दिशा बदलली ती स्वित्झर्लंडमधील बर्न येथे. राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल माथ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा मार्ग बारकाईने अभ्यासला आणि तिला धक्का न लावता खुबा पूर्ण उघडण्याची पद्धत बसवली. २००१ मध्ये त्यांनी अशा २१३ खुब्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. तरुण रुग्णांचा जिवंत सांधा प्रथमच असा चहूबाजूंनी पाहता येऊ लागला. तेव्हा लक्षात आले, की अनेकांत हाडाच्या आकारातील लहानसा दोष कडेवर वारंवार आदळतो : कधी माथ्याजवळ हाडाचा उंचवटा असतो, तर कधी वाटीचा काठच अधिक पुढे आलेला असतो. त्यामुळे कडेला आणि तिच्या शेजारच्या कूर्चेला इजा होते आणि पुढे सांधा झिजतो. ही मांडणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

१७/
त्याच सुमारास स्टीफन फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिमाने व प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष सांधे यांच्या साहाय्याने दाखवले, की कड असताना सांध्यातील द्रव दाबाखाली टिकतो आणि कड काढली की तो लवकर बाहेर पडतो. वेबर बंधूंचा धागा १६० हून अधिक वर्षांनी पुन्हा हाती आला. २००६ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. आरंभीच्या २५ खुब्यांत फाटलेली कड कापली होती, नंतरच्या ३५ खुब्यांत ती हाडाला पुन्हा शिवली होती. दोन वर्षांनी कापलेल्यांपैकी २८ टक्के, तर शिवलेल्यांपैकी ८० टक्के खुब्यांचा निकाल उत्कृष्ट आला. दोन्ही गट वेगवेगळ्या काळातील होते, म्हणून हा अंतिम पुरावा नव्हे. पण शल्यविशारदांची वृत्ती बदलण्यास तो पुरेसा ठरला.

१८/
आता पुन्हा राजगडावर येऊ, कारण खुब्याची कथा जन्मापासूनच सुरू होते. २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. त्यांच्याच आज्ञेने कृष्णाजी अनंत सभासदाने पुढे जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत असे येते, की मूल पालथे जन्मले म्हणून लोकांना अपशकुन वाटला. शिवाजी महाराजांनी मात्र हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालील असा त्याचा अर्थ लावला. येथे सावधगिरी हवी. ‘पालथे’ जन्मणे आणि पायांकडून जन्मणे या एकच गोष्टी नव्हेत. बखरीतील एका शब्दावरून कोणाच्याही खुब्याचे निदान करता येत नाही. पण असामान्य जन्माकडे त्या काळचा समाज कसा पाहत असे, हे त्या प्रसंगातून कळते.

१९/
पायांकडून जन्मलेल्या मुलाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे : पायाळू. पायाळू माणसाला जमिनीतले गुप्तधन दिसते, त्याच्यावर वीज पडण्याचे भय असते, आणि कमरेत उसण भरली असता त्याने लाथ लावली की ती जाते, अशा समजुती महाराष्ट्रात खेडोपाडी होत्या आणि आहेत. त्यांना वैद्यकीय आधार नाही. गंमत अशी, की दुसऱ्याची कंबर बरी करणारा म्हणून जो ओळखला गेला, त्याच्याच खुब्याला जन्मतः अधिक धोका असतो. गर्भाशयात बूड खाली आणि पाय वर दुमडलेले, अशा स्थितीत वाढलेल्या बाळांत खुब्याची वाटी उथळ राहण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळते.

२०/
वाटी उथळ असली की हाडाने पेलायचा भार कडेवर येतो. ती जाड होते, ताणली जाते आणि पुढे तरुणपणी फाटू शकते. खुबा पूर्ण सरकलेला असेल तर कधी हीच कड आत दुमडून माथ्याची वाट अडवते. म्हणून असे दोष लवकर ओळखणे महत्त्वाचे. इटलीतील मारिनो ऑर्तोलानी याने १९३० च्या दशकात बाळाच्या मांड्या हलकेच फाकवून खुबा जागेवर येताना जाणवणारा खटका निदानासाठी वापरला. १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ याने बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी मांडली. ग्राफच्या पद्धतीत चित्र ग्राह्य ठरण्यासाठी तीन खुणा दिसाव्याच लागतात, आणि त्यांतील एक खूण म्हणजे वाटीची कड. क्ष-किरणांना न दिसलेली कड येथे मोजमापाचा आधार झाली.

२१/
मराठीत ‘कड’ या शब्दाला काठ हाही अर्थ आहे आणि कंबरेची बाजू हाही. मूल आपण ‘कडेवर’ घेतो. त्या वेळी त्याच्या मांड्या फाकलेल्या व गुडघे वाकलेले असतात, आणि गोल माथा वाटीच्या मध्यावर दाबून बसतो. वाढत्या वाटीला योग्य आकार येण्यासाठी हीच स्थिती उत्तम. उलट बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळले, तर माथा वाटीबाहेर ढकलला जातो. जपानमध्ये पूर्वी हे प्रमाण मोठे होते; १९७५ पासून तेथे पाय सरळ गुंडाळू नयेत अशी देशव्यापी मोहीम झाली. पूर्वी शंभरांत एक ते साडेतीन बाळांचे खुबे निखळलेले आढळत. ते प्रमाण पुढे हजारांत सुमारे दोनपर्यंत उतरले.

२२/
मात्र येथेही आपल्या परंपरेचे सरसकट गोडवे गाण्याचे कारण नाही. मूल कडेवर बसू लागेपर्यंत काही महिने उलटलेले असतात, आणि त्या पहिल्या महिन्यांत दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधण्याची रीतही आपल्याकडे अनेक घरांत आहे. कडेवर घेणे राखावे, दुपट्यात पाय मोकळे राहू द्यावेत. आणि बाळ पायाळू असेल, किंवा घरात कोणाला जन्मतः खुब्याचा दोष असेल, तर पहिल्या दीड महिन्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घेण्याबाबत डॉक्टरांना जरूर विचारावे. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरही ही एवढी माहिती पोहोचली, तर एखाद्या मुलाचे आयुष्यभराचे लंगडणे टळू शकते.

२३/
आता या इतिहासाची दुसरी बाजू. चुंबकीय प्रतिमांकन, म्हणजे एमआरआय, आल्यावर कड स्पष्ट दिसू लागली आणि मग उलट चूक घडू लागली. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात खुब्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ४५ स्वयंसेवकांचे एमआरआय तपासले. त्यांतील ६९ टक्के जणांत कड फाटलेली दिसली, आणि त्यांना काहीच दुखत नव्हते. म्हणजे अहवालात ‘लॅब्रम फाटला आहे’ असे लिहून आले, एवढ्याने ते दुखण्याचे कारण ठरत नाही आणि शस्त्रक्रियेची गरजही सिद्ध होत नाही. पूर्वी दिसत नाही म्हणून कड निरुपयोगी ठरली. आता दिसते म्हणून तीच दोषी ठरू पाहते.

२४/
मग शस्त्रक्रिया कोणासाठी? ब्रिटनमधील २३ रुग्णालयांत हाडे एकमेकांवर आदळणाऱ्या खुब्याच्या ३४८ रुग्णांची चाचणी झाली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया, निम्म्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायामोपचार. वर्षभरात दोन्ही गट सुधारले. शस्त्रक्रियेचा गट १०० गुणांच्या मापावर सरासरी ६.८ गुणांनी पुढे राहिला. फरक खरा आहे, पण फार मोठा नाही. म्हणून बहुतेकांसाठी क्रम असा राहतो : प्रथम नेमके निदान, मग काही महिने स्नायूंचे नियमित व्यायाम, आणि तरीही जांघेतील वेदना, अडकणे किंवा खटका राहिला तरच शस्त्रक्रियेचा विचार. सांधा आधीच फार झिजला असेल, तर कड शिवून सहसा उपयोग होत नाही.

२५/
तुमच्यापैकी जे दर रविवारी तोरणा, राजगड किंवा रोहिडा चढतात, त्यांच्यासाठी एवढेच : उतरताना धावू नका, पाठीवरचे ओझे कमी ठेवा, कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू बळकट करा. मांडी घालताना, उकिडवे बसताना किंवा गाडीतून उतरताना जांघेत खोल कळ येत असेल आणि ती काही आठवडे टिकत असेल, तर ‘चमक भरली’ म्हणून दुर्लक्ष करू नका, आणि कोणाकडून लाथही मारून घेऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसता अहवाल हातात आला म्हणून घाबरूनही जाऊ नका.

२६/
पुढच्या वेळी संजीवनी माचीवर गेलात, तर त्या दुहेरी तटाजवळ थोडा वेळ थांबा. कडा होता, तरी बांधणाऱ्यांना तो पुरेसा वाटला नाही, कारण काठावरची बांधणीच आतले सर्व काही सांभाळते हे त्यांना अनुभवाने कळले होते. आणि घरी परतल्यावर आजीला विचारा : तुमच्या गावात बाळाला दुपट्यात कसे गुंडाळत, कितव्या महिन्यात कडेवर घेत, पायाळू मुलासाठी काही वेगळे करत का? ही माहिती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. उत्तरे गावाच्या नावासह या धाग्याखाली लिहा. पुढच्या वेळी त्यांवरूनच आपण लिहू.